यशूचं पान

१

गुरुवारी संध्याकाळी रुसैलच्या कारखान्यातून घरी आला की दयानंद मसुरकर आधी बूट काढायचा, मग टाय, आणि मग एकदम स्पॅनिश व्हायचा. आठवडाभर प्लास्टिकच्या पाइपांच्या ऑर्डरी, बसने येणारे कामगार आणि अर्बाबची, म्हणजे अरब मालकाची, कुरकुर ह्यांत हा माणूस इतका पिचून जाई, की घरात त्याच्याशी बोलायची सोय नसे. पण ओमानात शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणजे गुरुवारची संध्याकाळ मोकळी. मग मदिनत सुलतान काबूसमधल्या त्या फ्लॅटमध्ये निळ्या नक्षीच्या छोट्या बश्या कपाटातून निघत, टेबलावर मांडल्या जात, आणि साहेब ओट्याशी उभे राहून लसूण चिरायला घेत. एरवी त्यांना स्वतःचा चहा गाळता येत नसे.

ह्या सगळ्याला तापास म्हणायचं. जयवंती, त्याची बायको, मूळची कुडाळची. तिचं म्हणणं सरळ होतं. दारूच्या ग्लासाबरोबर थोडं थोडं काहीबाही खायचं, त्याला आपल्याकडे चकणा म्हणतात. हे ऐकलं की दयानंद मनापासून दुखावला जाई. तापा म्हणजे झाकण, तो पुन्हा पुन्हा समजावून सांगे. तिथल्या एका वेटरने त्याला सांगितलं होतं की पूर्वी ग्लासात माशी पडू नये म्हणून वर पावाची चकती ठेवत, त्यातून हे सगळं निघालं. म्हणून तोही आपल्या वाइनच्या ग्लासवर पावाची चकती ठेवायचा. बंद खिडक्यांच्या, एसीतल्या हॉलमध्ये माशी येणार कुठून, पण बोलणार कोण. शिवाय माहेरी गुरुवारी चुलीवर मासळी चढत नसे आणि इथे नेमकी गुरुवारीच कोळंबी. सरकारने सुट्टीचे वार बदलले तेव्हा नवऱ्याने पाळायचे वारही बदलले, असं ती मैत्रिणींना हसून सांगायची.

हसायची, कारण तिलाही ते दिवस आठवायला आवडत. २०१४ च्या डिसेंबरात कंपनीने दयानंदला बायको-मुलीसकट सेव्हिलला पाठवलं होतं. तिथे लोक जेवायला बसतच नाहीत, हे तिला आधी भारी विचित्र वाटलं. एका बारमध्ये शिरायचं, काउंटरला टेकून उभं राहायचं, एक बशी संपवायची, मोठमोठ्याने गप्पा मारायच्या आणि बाहेर पडून पुढच्या बारमध्ये शिरायचं. थंडी मस्त होती. रस्त्यावर दिव्यांच्या माळा, फुटपाथवर संत्र्यांनी लगडलेली झाडं, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळं गाव घराबाहेर. कुरकुरीत तळलेली बारकी मासळी खाल्ली, तेलात चुरचुरणारी लसणातली कोळंबी खाल्ली, आणि एके ठिकाणी तर चक्क पालक-छोले मिळाले. दयानंद खो खो हसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस असं पोट धरून हसू शकतो हे तिला तिथेच कळलं.

आणि यशश्री. तेव्हा अकरावीत होती. मोबाइलवर शिकलेल्या चार मोडक्या शब्दांच्या जोरावर तिने एका बारच्या स्वयंपाकघरात शिरकाव केला आणि तिथल्या जाड्या आचाऱ्याने तिला बटाट्याचं भलंमोठं आमलेट उलटवू दिलं. पोरीने ते न सांडता उलटवलं. सगळ्या बारने टाळ्या वाजवल्या, त्यात सगळ्यात जोरात बापाने.

२

त्याच यशश्रीने, पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, कॉलेज सोडलं आणि कोरेगाव पार्कातल्या कुठल्याशा रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली.

तिने हे फोनवर सांगितलं. घाबरत नाही, आनंदाने सांगितलं. तिला वाटलं, बाबा खूश होतील. बाबांनी आधी ऐकून घेतलं, मग विचारलं की हा विनोद आहे का, आणि मग जे सुरू झाले ते थांबेनात. मी तुला स्पेन दाखवलं ते चैन म्हणून, लोकांची खरकटी काढायला नव्हे. इथे चारचौघांत मी काय सांगू, पोरगी कांदे चिरते म्हणून? यशश्री मस्कतच्या शाळेत वाढलेली. भांडताना तिचं मराठी लटपटायचं आणि ती इंग्रजीवर यायची. इंग्रजीत ती काहीतरी म्हणाली, त्यात ‘हिपोक्रिट’ हा शब्द होता. दयानंद एकदम शांत झाला.

“ऐक,” तो म्हणाला. “आजपासून मी तुझ्या नावाने आंघोळ केली.”

फोन ठेवला आणि तो खरंच उठला. बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. संतापाच्या भरात आईबाप असं बोलून जातात, जयवंतीच्या वडिलांनीही तिच्या मोठ्या भावाला हे ऐकवलं होतं आणि रात्री त्याच्याच ताटात आपल्या हातांनी भात वाढला होता. बोलतात सगळे, आंघोळ कोणी करत नाही. दयानंद बाहेर आला तेव्हा डोक्यावरून पाणी निथळत होतं आणि त्याने ते पुसलं नव्हतं. जयवंतीला त्याचा इतका राग आला की ती त्या संध्याकाळी त्याच्याशी बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तो कामावर असताना, तिने लेकीला फोन लावला. यशश्री रडून रडून थकली होती. मध्येच तिने विचारलं, “आई, बाबा ते आंघोळीचं काय म्हणाले? मला वाटलं, ही वॉन्टेड टू गो फॉर अ बाथ.”

जयवंतीने फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, “हो. आंघोळीलाच जायचं होतं त्यांना.”

३

पुढच्या गुरुवारी बश्या निघाल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका गुरुवारी दयानंद घरी आला आणि लसूण चिरायला लागला.

जयवंतीने कोळंबी केली, आमलेट केलं, ऑलिव्हची बाटली फोडली. ती हॉलमध्ये आली तेव्हा टेबलावर तीन पानं मांडलेली होती. खिडकीकडची खुर्ची यशश्रीची. तिच्यासमोर त्याने एका मोठ्या बशीत सगळ्याचं थोडं थोडं काढलं होतं : दोन कोळंब्या, आमलेटचा त्रिकोणी तुकडा, ऑलिव्ह, लिंबाची फोड. संत्र्याच्या रसाचा ग्लास भरला होता आणि त्यावर पावाची चकती ठेवली होती.

तिचं मन भरून आलं. बाप आहे शेवटी, तिला वाटलं, जीव तुटतोय पण वाकायचं नाही. फोन करायला जीभ उचलत नाही म्हणून हे नाटक. करू दे. चार दिवसांनी आपणच फोन लावील.

दयानंद खुर्चीसमोर बसला. त्याने ग्लासावरची चकती उचलून बाजूला ठेवली आणि अगदी हळू, गावाकडच्या बोलीत म्हणाला, “ये गो बाय. जेवून घे.”

जयवंतीच्या हातातला चमचा थांबला. हा सूर तिच्या ओळखीचा होता. सासरे पितरांची वाडी दाखवत तेव्हा ह्याच सुरात बोलत. मागच्या अंगणात केळीचं पान, पानावर रांधलेल्या सगळ्याचं थोडं थोडं, गेलेला पिणारा असला तर झाकलेला ग्लाससुद्धा, आणि सासरे हात जोडून त्याला नावाने बोलावत. आधी नावाची आंघोळ, आणि आता नावाचं पान. दोन्ही एकामागोमाग कोणासाठी करतात हे सांगायला भटजी लागत नाही. तिने तो विचार झटकून टाकला. मनात येऊ नये ते येतं, काय करणार. तापास आहे, दुसरं काही नाही.

जेवण झालं. यशश्रीची बशी जशीच्या तशी होती. टाकायचं जिवावर आलं म्हणून बश्या उचलता उचलता जयवंतीने त्यातली एक कोळंबी तोंडात टाकली. कोळंबी अळणी होती. नुसती अळणी नव्हे, तिला कसलीच चव नव्हती. लसूण नाही, तिखट नाही, तोंडात ओला कागद धरावा तसं झालं. तिने आपल्या बशीतली उरलेली खाल्ली. ती झकास होती, मीठ अगदी बेताचं. एका कढईतली, एका वेळची कोळंबी. मग तिने यशश्रीच्या बशीतली लिंबाची फोड चोखली आणि सिंकपाशी बराच वेळ उभी राहिली. लिंबू आंबट लागत नव्हतं.

एसीच्या वाऱ्यात उघडं राहिलं म्हणून असेल. आपल्याला सर्दी होणार असेल. अशी कारणं ती शोधत गेली आणि तिला ती सापडतही गेली.

४

ओमानात व्हॉट्सअॅपवर फक्त मेसेज जात, बोलणं होत नसे. म्हणजे लेकीचं तोंड बघायची सोय नव्हती. यशश्री फोटो पाठवायची ते बश्यांचे : हे आज मी केलं, ते आज मी सजवलं. फोटो फार सुरेख असत. मग काही आठवड्यांनी फोटो यायचे कमी झाले.

फोनवर जयवंतीने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की कामावर काहीतरी बिनसलंय. यशश्री पदार्थ खारट करते. एकदा नाही, रोज. गिऱ्हाइकांनी बश्या परत पाठवल्या. मोठ्या शेफबाईंनी सगळ्यांसमोर तिला चमचा चाटायला लावला आणि विचारलं, हे तुला खारट लागत नाही? तिला लागत नव्हतं. तिला कशाचीच चव लागत नव्हती. आधी मीठ गेलं, मग आंबट, आता तिखटसुद्धा कळत नाही. डॉक्टरने जीभ बघितली, रक्त तपासलं आणि टॉनिक लिहून दिलं.

“खातेस ना पण?” जयवंतीने विचारलं.

भूक नसते, यशश्री म्हणाली. म्हणजे इतर दिवशी खाते थोडं, पण गुरुवारी तर पोट भरल्यासारखंच वाटतं, घास जात नाही. उचक्या लागतात. मग तिने विचारलं.

“आई, काल तू गार्लिक जास्त घातलेलंस का? करपलं होतं थोडं.”

काल गुरुवार होता. काल लसूण करपला होता. दयानंदने गॅस मोठा केला आणि फोनवर बोलत बसला म्हणून करपला होता. हे आपण पोरीला कधी सांगितलं, जयवंती आठवू लागली. सकाळी मेसेज केला असेल. तिने फोन कानापासून दूर धरून मेसेज पुन्हा पुन्हा वर-खाली करून पाहिले. तिथे लसणाबद्दल एक अक्षर नव्हतं.

“तुला कसं कळलं?” तिने विचारलं.

यशश्रीने जरा विचार केला. “आय डोन्ट नो,” ती म्हणाली. “तेवढीच एक चव आली ना, सो आय रिमेंबर.”

५

त्या संध्याकाळी जयवंतीने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की हे थांबवा. जिवंत पोरीचं असं पान वाढू नये. दयानंद टीव्ही बघत होता. त्याने मान वळवली नाही. जिवंत पोर कुठाय इथे, त्याने विचारलं. ती म्हणाली, तिला फोन करा, तुमच्या एका शब्दासाठी ती झुरतेय. तो हसला. त्या हसण्यात कडवटपणा असता तर तिला परवडलं असतं. पण तो समाधानाने हसला, दुपारची झोप चांगली झालेला माणूस हसतो तसा.

“ही बसते ना,” तो म्हणाला. “गुपचूप बसते, दिलेलं खाते, उलट बोलत नाही. मला हीच बरी.”

तिने पुढच्या गुरुवारी स्वयंपाकच केला नाही. त्याने बाहेरून मागवलं आणि त्यातलं थोडं थोडं निळ्या बशीत काढलं. तिने बशी फोडली, त्याने दुसरी घेतली. एकदा तिने खुर्चीच उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. तो उठला, खुर्ची आत आणली, आणि बसायच्या जागेवरची धूळ रुमालाने पुसली. एरवी तो मजेत होता. कारखान्यातल्या गमती सांगायचा, पण त्या जयवंतीला नाही, खिडकीकडे बघून. मध्येच थांबायचा, ऐकल्यासारखं करायचा आणि मान डोलवायचा. आणि यशश्रीची बशी आता भरलेली उरत नव्हती. दयानंदच खात असेल, जयवंती स्वतःला सांगायची. ती मुद्दाम स्वयंपाकघरात जायची, म्हणजे तो खातोय की नाही हे आपल्याला बघावं लागू नये. तिथून तिला आवाज यायचा. ऑलिव्हची बी बशीत टाकल्यावर होतो तो, टक्क. आवाज दयानंदच्या बाजूने यायचा की खिडकीच्या, हे भिंतीआडून सांगणं कठीण होतं.

अशातच महमूद आणि शहनाज आले. महमूदचं मस्कतच्याच गाला भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, दोघं रत्नागिरीकडची, बऱ्याच वर्षांची घसट. पुरुष गॅलरीत गेले. शहनाज गप्पा मारत मारत खिडकीकडच्या खुर्चीवर टेकली आणि लगेच उठली. जयवंतीच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि उगाच ओटा पुसायला लागली.

“वहिनी,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “ती खुर्ची गरम होती. आत्ता कोणी उठून मला जागा द्यावी ना, तशी.”

जयवंतीला रडू फुटलं. तिने शहनाजला सगळं सांगितलं, आंघोळीपासून. शहनाज हसली नाही की घाबरली नाही. तिने एवढंच विचारलं की पोरगी इथे येऊन किती दिवस झाले. मग म्हणाली, तिची जागा आहे ना ती, मग तिला आणा. तिला तिच्या खुर्चीत बसवा, बापाच्या समोर. जागा रिकामी आहे म्हणून तर हे सगळं.

हे जयवंतीला पटलं. तिला दुसरं काही सुचतही नव्हतं. पोरगी आतून संपत चालली होती, आणि ते थांबवायचं तर तिला आणून त्या खुर्चीत बसवायचं, एवढी एकच गोष्ट हातात होती.

६

यशश्रीचा व्हिसा बापाच्या नावावर अजून चालू होता. दयानंदला काही न सांगता जयवंतीने तिला बोलावून घेतलं. रेस्टॉरंटने तिला तोवर घरी बसवलंच होतं, त्यामुळे सुट्टीचा प्रश्न आला नाही. विमान मिळालं ते गुरुवारचं, सकाळी उतरणारं. दुसरा वार घ्यावा असं जयवंतीच्या मनात आलं होतं. मग तिला वाटलं, गुरुवारच बरा, काय तो सोक्षमोक्ष होऊन जाईल.

विमानतळावर ती लेकीला ओळखू शकली नाही. गर्दीतून बॅग ओढत एक काटकुळी मुलगी आली, टी-शर्ट हँगरला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता, आणि जयवंती तिच्या पलीकडे बघत राहिली. ती मुलगी “आई” म्हणाली तेव्हा कुठे तिला ओळख पटली. मिठी मारली तर हाताला नुसती हाडं लागली. टॅक्सीत यशश्री बळेबळे हसून बोलत होती. बाबांना सरप्राइज द्यायचं, मी सॉरी म्हणेन, मग ते सॉरी म्हणतील, मग आपण तिघं मिळून आमलेट उलटवू. जयवंती हो हो म्हणत होती आणि तिचा हात सोडत नव्हती.

दारात तिने लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. यशश्री उंबऱ्याशी क्षणभर घुटमळली, घरात पाहुणे आहेत का, विचारत. कोणी नाही, जयवंती म्हणाली. मग ती आत आली, आपल्या खोलीत जाऊन पडली आणि दुपारभर झोपली. जयवंती अधूनमधून जाऊन तिचा श्वास बघून येत होती. बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षीही ती अशीच दार ढकलून बघायची, तेव्हा त्यात भीती नव्हती.

उन्हं उतरल्यावर तिने स्वयंपाकाला घेतलं. यशश्री उठून आली, ओट्याशी उभी राहिली आणि सवयीने कढईतला रस बोटावर घेऊन चाखला. तिचा चेहरा कोरा राहिला. तिने मिठाच्या बरणीकडे हात नेला, मग आईकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“घातलंय?” तिने विचारलं.

“घातलंय गं,” जयवंती म्हणाली. तिला वाटलं, आज एकदा हे जेवण होऊ दे. देवा, एवढं आज होऊ दे, मग पुढच्या जन्मापर्यंत काही मागत नाही.

७

मावळतीची, मगरिबची अजान संपत आली होती तेव्हा दाराला किल्ली लागली. दयानंदने बूट काढले, टाय काढला. दाराशी पडलेल्या यशश्रीच्या सँडल त्याने पायाने बाजूला सारल्या आणि पुढे गेला. जयवंती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. यशश्री आपल्या खोलीत, दाराआड उभी होती. बाबा टेबलाशी बसले की मी येते, असं त्यांचं ठरलं होतं.

त्याने बश्या मांडल्या. तीन. खिडकीकडच्या बशीत सगळ्याचं थोडं थोडं काढलं, रस ओतला, ग्लासावर पावाची चकती ठेवली. तो आपल्या जागी बसला, चकती उचलून बाजूला केली आणि म्हणाला, “ये गो बाय.”

यशश्री खोलीतून बाहेर आली. “बाबा,” ती म्हणाली.

दयानंदने वर पाहिलं. त्याला राग आला असता, तो ओरडला असता, अगदी चालती हो म्हणाला असता, तरी जयवंतीने देवापुढे साखर ठेवली असती. पण दारात भलत्या वेळी आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतात तसं त्याने लेकीकडे बघितलं, सभ्यपणे, थोडंसं त्रासून. मग त्याने खिडकीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

“थांबा जरा,” तो यशश्रीला म्हणाला. “तिचं जेवण होऊ दे.”

त्याने पोटच्या पोरीला ‘थांबा’ म्हटलं, हे जयवंतीला आधी ऐकूच आलं नाही. कारण ती खुर्चीकडे बघत होती. खुर्चीची पाठ तिच्याकडे होती. त्या पाठीच्या कडेला, बाजूने, दंड दिसत होता. गोरा, भरलेला, तुकतुकीत दंड, खांद्यापासून कोपरापर्यंत, आणि तो हलला, बशीकडे जाऊन परत आला. तेवढंच. डोळ्याचं पातं लवलं, पुन्हा बघितलं तर खुर्चीची लाकडी कड होती आणि खिडकीत उरलेला उजेड होता.

बशीत टक्क आवाज झाला.

नंतर आयुष्यभर जयवंतीला स्वतःची शिसारी आली ती त्या क्षणापायी. तो दंड दिसला तेव्हा ती घाबरली नव्हती. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बरं वाटलं, किती दिवसांनी पोर अंगाने भरली. आईच्या मनाने असं म्हटलं. आणि खरी पोर तिच्यापासून चार हातांवर भिंतीला हात टेकून उभी होती, तिचे गाल आत गेले होते आणि ती हसायचा प्रयत्न करत होती.

“आई,” यशश्रीने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की एसीच्या घरघरीत तो जेमतेम ऐकू आला. “मी कुठे बसू?”

दयानंद कोळंबी खात होता. तो खिडकीकडे बघून काहीतरी सांगत होता, अर्बाबची गंमत असावी, आणि मध्येच थांबून उत्तर ऐकत होता. जयवंतीने ठरवलं. खुर्ची खड्ड्यात जाऊ दे, नवरा खड्ड्यात जाऊ दे. पोरीचा हात धरायचा, आहोत तशा खाली उतरायचं, मिळेल ती टॅक्सी करून शहनाजचं घर गाठायचं आणि पुन्हा ह्या दारात पाऊल ठेवायचं नाही. तिने दोन्ही हात पुढे केले.

“यशू,” तिने हाक मारली. “ये. इकडे ये माझ्याजवळ.”

भिंतीपाशी उभी असलेली यशश्री जागची हलली नाही. आपल्याला कोणी बोलावलंय हे तिच्यापर्यंत पोचलंच नाही, अशी ती आईकडे बघत राहिली.

खिडकीकडची खुर्ची मागे सरकली.